रिलिव्हर येईपर्यंत

एकलहऱ्याच्या वीज केंद्रात सहादू आणि मी तीस वर्षं एकाच कंट्रोल रूममध्ये काढली. तिथला नियम साधा होता. पुढच्या पाळीचा माणूस, म्हणजे रिलिव्हर, समोर येऊन चार्ज घेत नाही, तोवर खुर्ची सोडायची नाही. सहादूचा रिलिव्हर मी, आणि मी पक्का उशिरा येणारा. तो कधी चिडला नाही. एकेक रीडिंग मला समजावून सांगायचा आणि मगच डबा उचलायचा. मलाच त्याचा राग यायचा. इतकं सरळ कुणी असू नये.

रिटायर झाल्यावर तरी तो सुटेल म्हटलं, तर त्याच्या पोरीनं नवी ड्युटी लावली. रूपाली नोकरीसाठी जर्मनीला निघाली, तेव्हा हातात धरून खेळायचा तिचा गेम कन्सोल घरीच ठेवून गेली. त्यात तिची एक बाग आहे. पिवळी टोपी घातलेली छोटी रूपाली तिथं झाडांना पाणी घालते. चार दिवस कुणी फिरकलं नाही की तण माजतं. "पप्पा, मी येईपर्यंत सांभाळा," असं ती सहज म्हणाली असेल. सहादूनं चार्ज घेतला.

वीतभर पडद्यावर त्याला काही दिसेना, म्हणून जाताना तिनंच कन्सोलचं चित्र वायफायवरून टीव्हीवर यायची सोय करून दिली. बटण दाबलं की टीव्हीतली रूपाली जरा उशिरानं हलते. मी चिडवलं, तर म्हणतो, "कोळसा वाढवल्या वाढवल्या प्रेशर चढतं का? थांबावं लागतं."

"दुधाची तहान ताकावर भागवतायत," लतावहिनी म्हणायच्या आणि स्वतःही पदराला हात पुसत टीव्हीसमोर बसायच्या.

अशी चार वर्षं गेली. रूपाली दर चौदा एप्रिलला येणार असते, आणि रजा मिळत नाही.

गेल्या महिन्यात सहादूचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी आठ दिवस टीव्ही बंद सांगितला. त्यानं माझ्यासमोरच पोरीला फोन लावला.

"अगं, आठ दिवस बागेत कुणी नाही. काय करू?"

"पप्पा, तुम्ही अजून ते खेळता? मी तर विसरूनही गेले होते. डिलीट करून टाका ना!"

"बरं," म्हणून त्यानं फोन ठेवला आणि कितीतरी वेळ रुमालानं कन्सोल पुसत बसला. मला रूपालीचा राग आला. पण तिचं तरी काय चुकलं? मग तो म्हणाला, "देवराम, चार्ज घेतो का?"

एरवी मी थट्टा केली असती. त्या दिवशी जमलं नाही. डोळ्यांवर काळा चष्मा लावून त्यानं सगळं सांगितलं. कोपऱ्यातल्या पेरूला रोज पाणी. फुलं तोडायची नाहीत, ती तिनं लावलीत. बंद करताना तिला घरात न्यायचं, बाहेर उभी ठेवायची नाही.

दुसऱ्या दिवशी जन्मात पहिल्यांदा मी वेळेवर पोचलो. सहादू टीव्हीकडे पाठ करून बसला होता. मी बटण दाबलं. रूपाली जरा थांबून चालायला लागली.

"काय करतेय?" त्यानं विचारलं.

"पेरूला पाणी घालतेय."

थोड्या वेळानं पुन्हा, "आता?"

"आता घरी यायला निघालीय."

"येऊ दे," सहादू म्हणाला, "सावकाश येऊ दे."