रॅलीची गाडी घरी निघाली

माझी स्कूटर कुरुळीच्या गॅरेजमध्ये दुरुस्तीला होती, तेव्हा एक गृहस्थ भेटला. परदेशातल्या डोंगरांत रॅलीच्या शर्यती गाजवलेल्या एका जुन्या गाडीची हुबेहूब नक्कल तो तिथं बनवून घेत होता. पुढे चार मोठे दिवे, दारावर ठसठशीत आकडा. जुने फोटो दाखवून त्यानं गाडीवर चिखलाचे शिंतोडेसुद्धा रंगवून घेतले होते. खरा चिखल गॅरेजबाहेर फुकट होता, पण तो बहुधा त्या दर्जाचा नसावा. बोलता बोलता तो खिशातून पिवळं फडकं काढायचा आणि रंगवलेल्या चिखलावरची धूळ हळुवार पुसायचा.

त्या दिवशी गाडी घरी न्यायची होती. त्याची आई ठेवणीतलं लुगडं नेसून आली होती. नारळ फोडून ती लगबगीनं गाडीत बसली. तेवढ्यात गाडी वाहून न्यायचा ट्रक दारात उभा राहिला.

"ट्रक कशाला रं?" तिनं विचारलं.

"आये, रस्त्याला खड्डे किती हायेत! गाडी खराब व्हईल."

"मग ही चालवायची कुठं?"

"चालवायची न्हाई. रॅलीची हाय ही," त्यानं तिला समजावलं.

आई काही उतरेना. शेवटी तिच्यासकट गाडी ट्रकवर चढली. माझी स्कूटर तयार झाली होती, म्हणून मीही त्यांच्या मागं निघालो. आई वरून गावाकडं ऐटीत बघत होती. तो आपल्या मोपेडवरून ट्रकवर नजर लावून चालला होता आणि वाटेतला एकही खड्डा सोडत नव्हता.