दहाची शिट्टी

लग्न होऊन आर्डिस अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या क्रॅनबेरीच्या, म्हणजे बोराएवढ्या आंबट लाल फळांच्या, मळ्यावर आली, त्याला सव्वीस वर्षं झाली. माहेरी गाई होत्या. पाण्यात उभं राहून पीक काढतात हे तिला सासूनं, बर्निसनं, शिकवलं. ऑक्टोबरात वाफे पाण्यानं भरायचे, वेली झोडपायच्या, फळं तरंगून वर आली की कंबरभर पाण्यात उतरून ती एका कोपऱ्याला लोटायची. अंगात बुटांसकट छातीपर्यंत येणारी रबरी विजार. ती चढवता-उतरवता अर्धा तास जायचा, आणि संडास पार घराशी. बाप्यांचं बांधाआड कसंही भागतं. बायकांनी आपला तोडगा काढला होता: सकाळी घोटभर कॉफी, मग दुपारपर्यंत पाणी प्यायचं नाही आणि जायचंही नाही. हेही बर्निसनंच शिकवलं. एखादीला उन्हाळी लागलीच तर बर्निसच्या हातचा त्याच फळांचा आंबटढाण रस होताच. रस्त्याकडेच्या तिच्या टपरीवर पाटीच होती: ‘मूत्राशयाचा मित्र’. दहा गावच्या बायका बरण्या भरभरून न्यायच्या.

तीन वर्षांपूर्वी सुगी ऐन भरात असताना आर्डिसला जळजळ सुरू झाली. सारखी कळ यायची आणि गेलं की चार थेंब. तिनं गुपचूप रस वाढवला. सकाळी पेला, संध्याकाळी पेला. नवरा नॉर्ब म्हणाला, तोंड का असं वाकडं करतेस, तर म्हणाली रस आंबट आहे. दवाखान्यात जायची तिला लाज वाटली. मित्राची पाटी लावणाऱ्या घरातली सून लघवीची तक्रार घेऊन डॉक्टरकडे गेली, तर गाव वर्षभर हसलं असतं. आणि म्हातारीच्या रसाला बट्टा लागला असता तो वेगळाच.

चौथ्या दिवशी वाफ्यातच तिला हुडहुडी भरली. दात वाजायला लागले. गार पाण्यामुळं असेल म्हणून ती तशीच फळं लोटत राहिली. बांधावरून बर्निस बघत होती. एक्क्याऐंशी वर्षांची, पण नजर घारीची. तिनं हाक मारून सुनेला वर घेतलं आणि फासळीखाली, पाठीशी बोटं दाबली. आर्डिस कळवळली.

“किती दिवस?”

“चार. रस घेतेय ना मा, उतरेल.”

“गाडीत बस.”

“मा, लोक काय म्हणतील? तुमच्या रसाला...”

“खड्ड्यात गेला रस,” म्हातारी म्हणाली. मग सुनेच्या विजारीचे बंद सोडता सोडता, मान वर न करता बोलली, “एकाहत्तर साली मी नऊ दिवस मिलवॉकीला बहिणीकडं गेले होते, ऐकलंयस ना? बहिणीचं तोंडसुद्धा बघितलं नाही मी. दवाखान्यात पडून होते. माझंही असंच झालं होतं, बये. रस पीत बसले आणि मूत्रपिंडापर्यंत गेलं. थोडक्यात वाचले. पन्नास वर्षं कुणाला बोलले नाही.”

स्टिअरिंगच्या वर जेमतेम दिसणाऱ्या त्या म्हातारीनं गाडी स्वतः हाकली.

दवाखान्यात माय सी वँग नावाची नर्स होती, तपासणी आणि औषधं तीच बघायची. तिनं लघवी धरायला पेला दिला. म्हणाली, आधी पुसून घ्या, पहिली धार सोडा, मधली धरा. पट्टी बुडवून बघितली, उरलेली लघवी कोणता जंतू आहे ते शोधायला पाठवली. ताप एकशे तीन होता. जंतू वर मूत्रपिंडात पोचलाय, तिनं सांगितलं. आजच आलात ते बरं केलंत. दंडात इंजेक्शन दिलं, गोळ्या दिल्या आणि बरं वाटलं तरी शेवटची गोळी संपेपर्यंत थांबायचं नाही म्हणून बजावलं.

बर्निसनं घसा खाकरून रसाचं विचारलं. माय सी हसली नाही. “आजी, काही बायकांना पुन्हापुन्हा होतं, त्यांना ते टाळायला तुमच्या फळाचा उपयोग होतो. पण एकदा जंतूनं आत घर केलं की तो रसानं निघत नाही. आणि पाणी न पिता तासन्‌तास दाबून धरलं, तर जंतूला आयतीच सवड मिळते.”

आठवड्यानं पाटी उतरली. नवीवर नुसतं ‘रस’. पुढच्या सुगीला बांधावर भाड्याचा संडास आला, पाण्याचं पिंप आलं आणि गळ्यात शिट्टी अडकवून खुर्ची टाकून बर्निस आली. दहाला शिट्टी, मग दर दोन तासांनी. बायकांनी वर यायचं, प्यायचं, जाऊन यायचं. पहिल्या दिवशी नॉर्ब पाण्यातनं ओरडला, “मा, शाळा भरली का सुटली?”

“तुझी कधी भरलीच नाही,” म्हातारी म्हणाली, आणि पुन्हा शिट्टी फुंकली.

आर्डिसला त्यानंतर तो त्रास झालेला नाही. अजून दहाला ती सगळ्यांत आधी वर येते. बर्निस खुर्चीतून वाकून तिच्या बुटाची टाच ओढून देते. तेवढ्यापुरता आर्डिस म्हातारीच्या खांद्यावर हात टेकते, आणि बूट निघाला तरी हात काढत नाही.