खिडकी उघडी ठेवावी

जालन्यात कुंडलिका नदीच्या पुलाजवळ पुंजाराम नावाचा एक कूलरवाला होता. त्याचा कूलर लांबूनही ओळखू यायचा. निळ्या पत्र्यावर समोरच्या बाजूला, नाटकाच्या जाहिरातीला शोभतील अशा वळणदार लाल अक्षरांत एकच ओळ असायची: 'खिडकी उघडी ठेवावी.' दुकानाचं नाव नाही, मालकाचं नाही. गिऱ्हाइकं हसायची. एका बियाण्यांच्या व्यापाऱ्याने तर तोंडावर सांगितलं, "पुंजाराम, एखादं लक्ष्मीचं चित्र काढ की. हे दवाखान्यातल्या पाटीसारखं काय लिहितो?"

पुंजारामने कुंचला हातातून सोडला नाही. "चित्र दुसऱ्याकडून काढून घ्या शेठ. ही ओळ राहू द्या. ओळ नको असंल तर मंग कूलरबी नका नेऊ."

व्यापाऱ्याला वाटलं, माणूस विक्षिप्त आहे. तसा तो नव्हता. ती ओळ त्याच्या कूलरवर कशी आली, ते शहरात फार थोड्यांना ठाऊक होतं.

पुंजारामचा पत्र्याशी संबंध कूलरच्या फार आधीचा. तो मूळचा मंठ्याकडचा. काकासाहेबांच्या नाटक कंपनीत तो पडद्यामागे असायचा. वाऱ्याचा घोंघावा, घोड्यांच्या टापा, पाऊस, सगळं त्याच्या हातात. चाळणीत ज्वारी फिरवली की तंबूत पाऊस पडायचा आणि पहिल्या रांगेतल्या बायका नकळत पदर डोक्यावर घ्यायच्या. पण त्याचा खरा मान गडगडाटाच्या पत्र्याचा. विंगेत दोरीला टांगलेला, पुरुषभर उंचीचा सपाट पत्रा. त्याच्या खालच्या कडेला धरून असा काही हिसका द्यायचा की वैशाखातही लोक वर बघत.

आणि पडद्यापुढे असायच्या दुर्गाबाई. त्यांचा आवाज शेवटच्या रांगेच्याही पुढे, तंबूबाहेर भजी तळणाऱ्यापर्यंत पोचायचा. कंपनीतल्या सगळ्यांचं असं म्हणणं होतं, की बाई रडल्या की भजेवाल्याचा घाणा करपतो.

साल ब्याऐंशी. जाफराबादच्या जत्रेत खेळ होता. तिसऱ्या अंकात मुलगा कायमचा घर सोडून जातो आणि आई त्याला हळू आवाजात चार वाक्यं बोलते. ती बोलून झाली की बाई हातातला दिवा खाली ठेवायच्या. ती खूण. दिवा टेकला की गडगडाट. त्या दिवशी पुंजारामचे हात पत्र्यावर होते आणि मन घरी होतं. बायको नंदाबाई पहिलटकरीण, दिवस भरत आलेले. बाईंचं पहिलंच वाक्य सुरू झालं आणि याने हिसका दिला. आई काय बोलली ते कुणालाच कळलं नाही. मागून कुणीतरी ओरडलं, "मावशी, छत्री घ्या." तंबूभर हशा पिकला. तो अंक पुन्हा उभा राहिला नाही.

सकाळी काकासाहेबांनी सगळ्यांदेखत त्याला वळकटी बांधायला सांगितली. दुर्गाबाई केस विंचरत बसल्या होत्या. मान न वळवता म्हणाल्या, "मालक, खूण मीच आधी दिली. हात थरथरला माझा, दिवा टेकला. त्यानं बघितलं ते बराबर केलं. काढायचं तर मला काढा."

बाईंना काढणं म्हणजे कंपनीच मोडणं. मालकांनी वळकटी सोडायला सांगितली. पुंजारामला पक्कं ठाऊक होतं की दिवा टेकला नव्हता. बाईंनाही ठाऊक होतं. त्यावर दोघं पुन्हा कधी बोलले नाहीत.

दोन वर्षांनी व्हिडिओ आले आणि कंपनी आपोआपच बंद पडली. सामान वाटून दिलं, तेव्हा पुंजारामने एक पडदा मागून घेतला. रानाचा. जाड कापडावर रंगवलेला, मोरांचा, कमळाच्या तळ्याचा. निजामोद्दीन नावाच्या पत्र्याच्या कारागिराने त्याला आपल्या दुकानात घेतलं. आधी धान्याच्या कोठ्या, पन्हाळी, मग जालन्यात घरोघर कूलर आले तेव्हा कूलर. पुढे निजामोद्दीन थकला, दुकान पुंजारामकडे आलं, तरी तो रोज येऊन खुर्चीत बसायचा आणि चुका काढायचा. पडदा मात्र माळ्यावर गुंडाळलेला राहिला. त्याला कुणी हात लावायचा नाही.

शहाण्णवच्या एप्रिलमध्ये दुकानासमोर एक बाई सायकल रिक्षातून उतरली. शाळेत शिकवणारी, डोळ्यांखाली काळं झालेली. म्हणाली, "पुंजारामकाका ना? मी प्रभावती. दुर्गाबाईंची मुलगी."

पुंजारामने हातातली कात्री खाली ठेवली.

बाईंना हिवाळ्यात अर्धांगवायूचा झटका आला होता. जुन्या जालन्यात दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात त्या पडून होत्या. जीव वाचला, पण आवाज गेला. उरली होती नुसती कुजबुज, अंथरुणाशी बसलं तरच ऐकू येणारी. वर स्लॅब, दिवसभर तापणारा. प्रभावतीने एक कूलर आणला होता, पण तो विमानासारखा घरघरायचा. तो चालू केला की आईची हाक स्वयंपाकघरात पोचायची नाही. बंद केला की आई भाजून निघायची.

"परवा पाण्यासाठी हाक मारत होती," प्रभावती म्हणाली. "मी पलीकडं भाकरी करत होते. पाऊण तास. शेवटी गेले तर तिच्या डोळ्यांतून पाणी चाललेलं. काका, गार करील पण बोलणार नाही, असा कूलर असतो का?"

खुर्चीतून निजामोद्दीन म्हणाला, "बेटा, पंखा म्हणला की आवाज आला. बिनआवाजाचा कूलर म्हणजे माठ."

"करतो," पुंजाराम म्हणाला.

त्याच दिवशी तो घर बघायला गेला. दुर्गाबाई एवढ्याशा झाल्या होत्या. त्यांनी त्याला ओळखलं, डाव्या हाताने जवळ बोलावलं. ओठ हलले. त्याला कळलं नाही, कोपऱ्यातला जुना कूलर घरघरत होता. प्रभावतीने तो बंद केला तेव्हा ऐकू आलं.

"पाऊस पाडतो का रे अजून?"

पुंजारामने खिशातून टेप काढला आणि भिंत मोजायला लागला.

मग चार दिवस दुकानात दुसरं काम झालं नाही. आवाज कुठून येतो, हे त्याच्याइतकं कुणाला कळणार? सपाट, मोकळा पत्रा थरथरतो, म्हणून गडगडतो. मग पत्रा सपाट ठेवायचाच नाही. प्रत्येक पत्र्याला त्याने कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत फुलीसारखी हलकी घडी पाडली, म्हणजे तो ताठ राहील आणि थरथरणार नाही. कूलर खोलीत ठेवायचाच नाही, मागच्या बोळात विटांच्या ओट्यावर ठेवायचा, खाली टायरचे तुकडे. मोठ्या पात्याचा पंखा, पण सावकाश फिरणारा. तिथून पत्र्याचा चौकोनी बोगदा स्वयंपाकघराच्या छताखालून आणायचा आणि बाईंच्या खोलीच्या झरोक्यात सोडायचा. बोगद्याला आतून नमदा, लोकरीचा जाड थर, आवाज पिऊन घेणारा.

"तू कूलर करून राह्यला का तंबोरा?" निजामोद्दीनने विचारलं. पण तोही खुर्ची सोडून खाली बसला होता आणि नमदा कापत होता.

एक गोष्ट उरली. पंख्याची पेटी आणि बोगदा एकमेकांना पत्र्याने जोडले, तर थरथर सरळ खोलीत जाणार. मध्ये कापडाची बाही हवी, जाड, हवा न सुटणारी. पुंजारामने बाजारातली ताडपत्री बघितली, ती कडक होती, फडफडायची. तो माळ्यावर चढला. रानाचा पडदा खाली काढला, उलगडला, थोडा वेळ नुसता बघितला. मग तळ्याकडचा हातभर भाग कापला.

निजामोद्दीनने मान दुसरीकडे केली. म्हणाला, "सरळ काप. वाकडा जाऊन राह्यला."

कूलर बसला त्या दिवशी ऊन भयंकर होतं. नळाला पाणी चार दिवसांनी यायचं, प्रभावतीने त्यासाठी वेगळा ड्रम भरून ठेवलेला. वाळ्याच्या ताट्या भिजल्या. पुंजारामने बटण दाबलं आणि खोलीत आला. झरोक्यातून गार, वाळ्याच्या वासाची हवा हळूहळू उतरत होती. आवाज नव्हता. प्रभावतीला वाटलं चालूच झाला नाही, तिने हात वर करून हवा लागते का ते बघितलं.

पुंजाराम खोलीच्या दारात, बाईंपासून सगळ्यात लांब जाऊन उभा राहिला.

"बाई, बोला काहीतरी."

दुर्गाबाईंनी डोळे मिटले. आणि त्या कुजबुजीतच सुरू केलं. चार वाक्यं. जाफराबादला कुणाला ऐकू न आलेली. मुलगा घर सोडून निघालाय आणि आई त्याला सांगते आहे की पोहोचलास की कळव, न कळवलंस तरी मी वाट बघेन. पुंजारामला दारात उभं राहून शब्द न् शब्द ऐकू आला.

शेवटचं वाक्य संपलं तेव्हा बाईंनी डावा हात, दिवा ठेवावा तसा, चादरीवर टेकवला.

पुंजाराम तिथे थांबू शकला नाही. हत्यारं गोळा केली, प्रभावतीचा चहा अर्धा तसाच ठेवला आणि निघाला. रस्ता दिसत नव्हता. आणि ज्या एका गोष्टीशिवाय तो कुणाच्याही घरून निघत नसे, ती त्या दिवशी सांगायची राहिली. कूलरची हवा ओली असते. ती आत येते तशी बाहेर जायला वाट लागते. समोरची खिडकी उघडी ठेवायची.

दुसऱ्या दिवसापासून तो मंठ्याला, एका कापूस व्यापाऱ्याच्या कामावर. लग्नसराई, उन्हाळा, एकामागून एक कामं. बाई गार झोपल्या असतील, या एकाच विचारावर ते दिवस त्याचे सुखात गेले. सोळाव्या दिवशी परत आला तो थेट जुन्या जालन्यात. येताना बाईंसाठी मंठ्याचे पेढे आणले होते.

प्रभावती देवापुढे बसली होती. काडी ओढत होती आणि काडीचं टोक मऊ होऊन गळत होतं. एक, दोन, तीन. "या काड्याच वाईट निघाल्यात," ती म्हणाली. पुंजारामने भिंतीकडे बघितलं. चुन्यावर ओल फिरली होती. बाईंचा शालू नेसलेला जुना फोटो काचेआड फुगला होता. खोलीत दमट, बंद पाण्यासारखा वास होता.

खिडकी बंद होती.

दुर्गाबाईंच्या छातीतून घुरघुर येत होती. ती स्पष्ट ऐकू येत होती, कारण दुसरा आवाजच नव्हता.

"खिडकी कधीपासून बंद आहे?" पुंजारामने विचारलं.

"तुम्ही गेलात तेव्हापासूनच. समोर लग्नाचे भोंगे लागतात काका, आईचं काही ऐकू येत नाही. आणि गार हवा रस्त्यावर कशाला सोडायची? पाणी किती मुश्किलीनं भरते मी." मग तिला त्याचा चेहरा दिसला. "का? उघडी ठेवायची होती का? छातीत कफ झालाय, डॉक्टर औषध बदलून राह्यले. तुम्ही खिडकीचं काही बोलला नव्हता ना?"

पुंजारामने तोंड उघडलं. त्याला सांगायचं होतं, की नाही बोललो. चूक माझी.

"बोलला होता," अंथरुणातून आलं.

दोघांनी वळून बघितलं. बाईंना शब्दाशब्दाला धाप लागत होती. "मला बोलला होता. तू चहा ठेवायला गेल्ती. मीच... सांगायची विसरले. त्याचं काम बराबर आहे."

"बाई..."

"गप," दुर्गाबाई म्हणाल्या.

प्रभावतीने आईच्या कपाळावर हात ठेवला. "असू दे गं. एवढं काय त्यात." तिने उठून खिडकी उघडली. भोंग्यातलं गाणं आत आलं. पुंजाराम पेढ्यांचा पुडा हातात धरून उभा होता. कूलर घरघरत असता, तर बाईंचं ते खोटं त्याला ऐकू आलं नसतं, आणि कदाचित तो खरं सांगून मोकळा झाला असता. पण तो तर त्यानेच गप्प केला होता.

सहाव्या दिवशी दुर्गाबाई गेल्या. डॉक्टर म्हणाले, झटक्यानंतर फुप्फुसं अशीच हळूहळू जातात, उन्हाळा निमित्त. डॉक्टर भला माणूस होता आणि त्याला खिडकीचं ठाऊक नव्हतं.

घर माणसांनी भरलं. कंपनीतले दोघंतिघं आले, गल्लीतल्या बाया आल्या. काठी टेकत निजामोद्दीनही आला आणि बाहेर चपलांपाशी बसून राहिला. बाईंना नेलं. घाटावरून परत आल्यावर लोक एकेक करून उठले. पुंजाराम रिकाम्या खाटेजवळ उभा होता, तेव्हा त्याच्या मानेला गार लागलं.

कूलर चालूच होता. सकाळपासून, इतक्या रडण्यात, कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं.

तो मागच्या बोळात गेला. ड्रम तळाला लागला होता, वाळा वाळत आला होता. पेटी आणि बोगद्याच्या मध्ये ती कापडाची बाही हवेने फुगून थोडी थोडी हलत होती. तिच्यावर तळ्यातलं एक कमळ आलं होतं, अर्धं कापलं गेलेलं. पुंजारामने त्यावर तळहात ठेवला. आतली हवा हाताला लागत होती.

मग त्याने बटण बंद केलं. पातं सावकाश फिरत राहिलं, आणखी सावकाश, आणि थांबलं. कापड बसलं.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडल्यावर त्याने लाल रंगाचा डबा फोडला. दारात एक तयार कूलर उभा होता, त्याच्यासमोर उकिडवा बसला. खुर्चीतून निजामोद्दीनने विचारलं, "काय लिहून राह्यला?"

पुंजाराम लिहीत राहिला.