भिंतीवरची खाट

कोंढ्याच्या केवळरामांनी विणलेल्या खाटेवर कितीही जाडजूड माणूस बसवा, खाट त्याला वर धरते. गावात हे अजूनही कौतुकानं सांगतात. भातशेती हा त्यांच्या पोटाचा धंदा आणि खाटा विणणं हा हाताचा नाद. खाट झाली की ते मधोमध तळहात दाबायचे. दोरी दबली तर सगळी उसवायची, मग मालक न्यायला दारात का उभा असेना. आता घरोघरी लोखंडी पलंग आले आणि त्यांचे हात रिकामे झाले. रिकाम्या हातांचा माणूस घरात किती कुरकुर करतो, ते त्यांच्या बायकोला, निर्मलाबाईंना विचारावं.

एक दिवस साकोलीहून लेकीचा, हर्षाचा फोन आला. "बाबा, नव्या घराच्या भिंतीले तुमच्या हातचं विणलेलं पाह्यजे. लहान चौकट, आतमंधी खाटेची वीण. वास्तुपूजेले सासरचे सारे पाहतीन."

"भिंतीवर कोन झोपते?" म्हणत केवळराम दिवसभर हसले. संध्याकाळी मात्र सागवानाच्या पट्ट्यांवर रंधा मारत बसलेले दिसले. अंबाडीची दोरी स्वतः वळली, निम्मी पळसफुलांच्या पाण्यात रंगवली, आणि गुडघा रोवून, दात आवळून अशी ताणून विणली की बोट मारलं तर वाजावी.

पूजा दोन दिवसांवर आली तेव्हा त्यांनी चौकट ओसरीत टांगून पाहिली आणि त्यांचा चेहराच उतरला. दोरीच्या ओढीनं बारीक लाकूड पिळलं होतं. एक कोपरा भिंतीपासून चांगला बोटभर सुटलेला. ज्यांच्या खाटेचा पाय कधी डुगडुगला नाही, त्यांनी लेकीच्या सासरी हे न्यायचं?

"बजारातून तसबीर घेऊन जाऊ," ते म्हणाले. "माहा हात गेला आता."

निर्मलाबाई तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "याच्यावर कोन बसनार हाये? मंग एवढं ताणून कायले बांधलं?"

केवळरामांनी चौकट खाली उतरवली. आजवर प्रत्येक दोरी त्यांनी कुणाचा तरी भार मनात धरून ओढली होती. त्यांनी वीण उसवली. ओढ सुटताच लाकूडही सरळ झालं. मग पुन्हा विणायला बसले, आणि हे हलक्या हातानं विणणं त्यांना भातखाचरातल्या चिखलणीपेक्षा जड गेलं. हात सवयीनं ओढायचा, की निर्मलाबाई नुसत्या खाकरायच्या.

साकोलीत चौकट भिंतीला अगदी चिकटून बसली. पाहुणे जवळ जाऊन नक्षी बघत होते. केवळराम पुढे झाले आणि न राहवून त्यांनी मधोमध तळहात दाबला. दोरी दबली. हर्षा झटकन पुढे आली. ते दाबणं ती लहानपणापासून ओळखत होती.

"बाबा, आता उसवता का?"

"नाही वं," ते म्हणाले. "बरोबर झालं."

पंगत बसेपर्यंत ते तीनदा उठून चौकटीसमोर उभे राहून आले.