जाळीमागचा कापूस

ही हकिकत सांगायचं मी बरीच वर्षं टाळत आलो. तसं पाहिलं तर एका नवरीच्या केसांची एक बट जळाली, एवढीच गोष्ट. पण त्याचा बोल माझ्या सुनेला लागला, आणि करणारा मी होतो.

आमचं गाव पिंपळगाव राजाच्या अलीकडे. बीटीचं बियाणं आलं तेव्हा पहिली काही वर्षं अळी दिसेना, म्हणून आम्ही ज्वारी मागे सारून बांधापर्यंत कपाशी लावली. मग गुलाबी अळी आली. बोंड बाहेरून धड दिसायचं, फोडलं की आत पिवळा, किडका कापूस. मुलगा हंगामात खामगावला जिनिंगवर, सरकी काढायच्या कारखान्यात, जाऊ लागला. सुनेनं तिथल्याच एका बाईकडे पार्लरचं काम शिकून घेतलं.

केस वाळवायची मशीन घ्यायला मी तिच्यासोबत खामगावला गेलो होतो. दुकानदारानं सगळ्यात मोठी मशीन पुढे केली.

“ताई, हे घ्या. याच्याइतकं गरम कोणतंच होत नाही.”

“गरम तर चूल बी करते, भाऊ,” ती म्हणाली. “मले हवा जास्त पाह्यजे, आंच कमी.”

तिनं चारपाच मशिनी चालू करून पाहिल्या. आंचेचं बटण वेगळं आणि हवेचं वेगळं हवं, गार हवेचं बटण हवं, मागची जाळी फिरवून काढता यायला हवी. दुकानदार कंटाळला. मला तर लाजच वाटत होती. बैल घेतानाही मी इतकं पाहिलं नव्हतं.

पार्लर म्हणजे आमच्या समोरच्या खोलीचा अर्धा भाग. उरलेल्या अर्ध्या भागात छताला टेकलेला कापूस, कारण भाव येईपर्यंत आमच्याकडे तो घरातच भरून ठेवतात. मधे जुन्या लुगड्याचा पडदा. बाया केस करून उठल्या की पाठीला कापूस चिकटलेला असायचा. एकजण म्हणाली, “काऊन वं, केसासोबत रजई बी भरून देतं का?” सून हसायची आणि त्यांची पाठ झटकून द्यायची.

तिची रीत ठरलेली होती. ओले केस पंच्यानं पिळायचे नाहीत, नुसते दाबून टिपायचे. डोक्याला तेल असलं तर आधी धुऊन ये म्हणायची, “तेलावर गरम हवा मारली तं केस तळून निघतात.” अर्धेअधिक केस बोटांनीच वाळवायची. मगच गोल ब्रश. मशीन वीतभर लांब, एका जागी थांबवायची नाही, आणि सुरू करताना आधी हवा स्वतःच्या तळहातावर. शेवटी गार हवा. संध्याकाळी जाळी काढून जुन्या दातांच्या ब्रशनं साफ करायची, कारण त्या घरात हवेतसुद्धा कापूस होता. मी खाटेवर पडून हे रोज पाहायचो, पण कधी लक्ष देऊन पाहिलं नाही.

त्या वर्षी दिवाळीनंतर पाऊस आला. कौलं गळाली, कापूस भिजला. ऊन पडेना. व्यापारी दुसऱ्या दिवशी माल पाहायला येणार होता, आणि ओल दिसली की तो भाव पाडणार. सून दुपारीच गल्लीतल्या एका लग्नघरी मेंदीला गेली होती. सकाळी नवरीचे केस तीच करणार होती. तिची मशीन साफ करून, फडक्यात गुंडाळून, आरशाखाली ठेवलेली होती.

मी ती काढली आणि कापूस वाळवायला बसलो.

आंच पूर्ण लावली, तोंड कापसाला टेकवलं. कापूस उडायचा, मशीन मागून तो ओढून घ्यायची. करपल्याचा वास आला, तो मला धुळीचा वाटला. मधे एकदा मशीन आपोआप बंद पडली. थंड झाल्यावर मी पुन्हा सुरू केली. वरचा थर फुलून पांढराशुभ्र दिसायला लागला तेव्हा थांबलो, जाळी वरवर धोतरानं पुसली आणि मशीन होती तशी गुंडाळून ठेवली.

सकाळी व्यापाऱ्यानं ढिगात कोपरापर्यंत हात घातला. “वा काका! वरून वाळला, अंदरून तर आंघोळ करून बसला हा कापूस.” त्यानं भाव पाडायचा तो पाडलाच.

तेवढ्यात लग्नघरी ते झालं होतं. सुनेनं हवा तळहातावर घेऊन पाहिली, तेव्हा ठीक होती. पण जाळीमागे कापूस दाटलेला. हवा कोंडत गेली, आंच चढत गेली. नवरीच्या कानापुढची बट ब्रशला गुंडाळलेली होती, ती तुटून ब्रशवरच राहिली. वर गजरा लावून झाकलं. लग्न लागलं. पण पंगतीत माझ्या मागेच बाया बोलत होत्या, “वेचणीचे हात ते! त्यायले कायची फॅशन?” मी खाली मान घालून जेवलो.

घरी आल्यावर तिनं मशीनची जाळी काढली. आतून काळा पडलेला कापसाचा बोळा निघाला. तो तिनं बोटांनी पिंजून पाहिला.

“मामाजी, मीच साफ केली नसन नीट,” ती म्हणाली. “लग्नाच्या घाईत ध्यानात नाही राह्यलं.”

माझ्या हातात चहाचा कप होता. मी म्हणालो, “होते असं कधीकधी.”

बाया येणं कमी झालं, मग बंदच झालं. तिनं आरसा आतल्या खोलीत नेला आणि वेचणीला जाऊ लागली. पुढे मुलगा-सून खामगावला राहायला गेले. तिथे ती दुसऱ्याच्या कपड्याच्या दुकानात काम करते. पार्लरचं नाव तिनं पुन्हा काढलं नाही.

आता मीही त्यांच्याकडेच असतो. मागच्या हिवाळ्यात नातीनं तसलीच मशीन आणली. सुनेनं ती हातात घेतली, मागची जाळी काढून उजेडात धरली आणि पोरीला म्हणाली, “आधी हे पाह्यत जाय. मी एकदा नव्हती पाह्यली, एका पोरीचे केस गेले माह्या हातानं.”

मी शेजारीच होतो. नुकती आंघोळ झाली होती, डोकं ओलं होतं. ती माझ्याकडे वळली, पंच्यानं डोकं टिपलं, मशीनची हवा तळहातावर घेऊन पाहिली आणि माझ्या उरल्यासुरल्या केसांवर वीतभर लांबून धरली.

“मामाजी, गरम तं नाही लागून राह्यलं?”

त्या दिवशी मशीन मी घेतली होती, बाई, तुही चूक नव्हती, मले माफ कर. एवढंच म्हणायचं होतं. वाक्य तोंडात तयार होतं.

“नाही,” मी म्हणालो. “बरं वाटते.”