सूतखात्याची पश्चिमेकडची भिंत

“मॅडम, फक्त ‘धोकादायक’ एवढं लिहा. बाकीचं आम्ही बघतो की,” बिल्डरचा मॅनेजर म्हणाला.

सोलापुरातल्या एका बंद मिलच्या सूतखात्यात आम्ही उभे होतो. जागा बिल्डरने घेतली होती. मी त्याच्यासाठी स्ट्रक्चरल ऑडिट करत होते. म्हणजे इमारतीची तब्येत तपासणं. आमच्या कागदावर ‘धोकादायक’ आलं की पाडायची परवानगी सोपी होते.

ओळंबा लावला. खांब सरळ. बिडाचे ते खांब आधी वाफेच्या इंजिनाने, मग विजेने, पिढ्यान् पिढ्या तीन पाळ्यांचा हादरा खात आले होते. एकालाही तडा नव्हता. फक्त पश्चिमेची भिंत वरपासून खालपर्यंत ओली. चुना बोटाने निघत होता.

“ब्रिटिशांच्या काळातली हाय. सडणारच,” मॅनेजर म्हणाला.

गेटवरचे वॉचमन यल्लय्या मामा मागे उभे होते. याच खात्यात ते जॉबर होते, म्हणजे कामगारांवरचे मुकादम. ते हळूच म्हणाले, “हितं पानी कधीच मुरत नव्हतं. सुतावर थेंब पडला की माल बाद. वर जाऊन बघा की.”

मी वर चढले. छप्पर करवतीच्या दात्यांसारखं. दोन दात्यांमध्ये पन्हळ, तिच्या टोकाला पाणी खाली नेणारा पाइप. पश्चिमेचे चारही पाइप पोती कोंबून, वरून सिमेंटने लिंपलेले. सिमेंट नवंकोरं. सगळं पाणी भिंतीत.

खाली आले आणि मॅनेजरला गाठलं. रागाने.

“पाइप कुणी बुजवले?”

“कबुतरांची घाण बसली असंल.”

“कबुतरं सिमेंट कालवतात?”

तो हसला. त्या हसण्याने माझं डोकं आणखी फिरलं.

तेवढ्यात माझ्या ऑफिसातून सरांचा फोन. “अगं, क्लायंट मोठा आहे. सही कर आणि ये.”

“सर, पाइप मुद्दाम बुजवलेत. भिंत मारताहेत हे लोक!”

“तुला पगार कोण देतं?”

मी फोन ठेवला. रिपोर्टमध्ये लिहिलं : इमारत भक्कम, पाइप मोकळे करा. फोटो जोडले, महापालिकेत दिला, पोच घेतली. दुसऱ्या दिवशी नोकरी गेली.

परवानगी अडली. पालिकेच्या माणसांनी पाइप फोडून मोकळे केले. दोन उन्हाळ्यांत भिंत वाळली. सूतखातं आज उभं आहे. बिल्डरही आहे, आता तो दुसरा इंजिनिअर शोधतोय.

दगड-चुन्याची भिंत वयाने पडत नाही, पाण्याने पडते. ओल दिसली की पाणी कुठून येतं ते बघावं, मग ते कुणाला हवंय ते. आणि असला रिपोर्ट साहेबांच्या टेबलावर ठेवू नये. पोच घेऊन पालिकेच्या खिडकीवर द्यावा.