बत्तीस होड्यांचं ऑइल

ओमानमधल्या साहमच्या किनाऱ्यावर मी सत्तावीस वर्षं गॅरेज चालवलं. तेवढ्या काळात गाडीच्या ऑइलची कदर असलेला एकच माणूस भेटला, आणि एकदा त्यानंही माती खाल्ली. त्याचं नाव शंबे. जातीचा बलुची, शनिवारी जन्मलेला, म्हणून शंबे.

त्याचं काम गाडीनं होड्या ओढायचं. पहाटे होडी पाण्यात लोटायची, दुपारी ती परतली की दोर अडकवून वाळूवरून वर आणायची, भरतीच्या रेषेच्या पलीकडे. अशा बत्तीस होड्या. मागची चाकं रोज खाऱ्या पाण्यात, पुढची भुसभुशीत वाळूत, डोक्यावर ऊन. मस्कतला जाऊन येणारी गाडी तापत नाही इतकी ही दोनशे पावलांत तापते.

शंबेला हे कुणी शिकवलं नव्हतं. दर शुक्रवारी नमाजाहून आला की तो गाडीखाली सरपटायचा, मागच्या चाकांमधल्या गिअरपेटीचा, डिफरन्शियलचा, बोल्ट सैल करायचा आणि तळहातावर चार थेंब घ्यायचा. ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं की समुद्र आत शिरला. मग सगळं काढून नवं भरायचं. ‘पुढच्या आठवड्यात बघू’ हे शब्द मी त्याच्या तोंडून ऐकले नाहीत.

बाकीच्यांची मात्र किळस यायची. किनाऱ्याची रीत अशी, की ओढणाऱ्याला रोज प्रत्येक होडीमागे एक मासा द्यायचा आणि गाडीचं ऑइल होड्यांनी पाळीपाळीनं आणायचं. पाळीचा डबा परत केला तर त्या होडीचा अपमान. म्हणून कुणीही काहीही आणायचा. एक जण होडीच्या मशिनमधलं उरलेलं आणी, दुसरा ट्रॅक्टरचं. कुणी कुठल्याशा पिंपातून भरून आणे, तळाशी माशाचे खवले तरंगताहेत. ही माणसं जाळ्याची एक गाठ सुटली तर तीन तास शिवत बसतात. पण झाकण उघडून वास घ्यायला त्यांना वेळ नाही.

जुनी गिअरची गाडी हे सगळं कसंबसं पचवायची. ती गंजून संपली तेव्हा सगळ्या होडीवाल्यांनी मिळून दुसरी आणली, आपोआप गिअर बदलणारी. शंबे ती घेऊन थेट माझ्याकडे आला.

“उस्ताद, हिच्या पोटात काय घालायचं ते एकदाच सांग.”

“इंजिनात पुस्तकात लिहिलंय तेवढंच जाड. उन्हाळा आहे म्हणून आणखी जाड नको. ओढीची गाडी आहे, म्हणून सांगितलंय त्याच्या निम्म्या अंतरातच बदल. आणि गिअरबॉक्समध्ये हे.” मी लाल ऑइलचा सीलबंद डबा त्याच्यासमोर ठेवला.

बत्तीसांतला सर्वात मोठा मालक हमदान माझ्याच बाकड्यावर खजूर खात बसला होता. त्यानं बोटावर थेंब घेतला आणि हसला. “अरे, हे तर इफ्तारचं सरबत! एवढं पातळ? होडी ओढायची आहे की पाहुण्यांना पाजायचं आहे?”

“ह्या गिअरबॉक्सला पायातला क्लच नाही,” मी म्हणालो. “आतल्या चकत्या ऑइलच्या दाबावर धरतात. जाड ओतलं तर ते बारीक वाटांतून वेळेवर जात नाही. चकत्या घसरतात आणि जळतात.”

“ऑइल ते ऑइल,” हमदान म्हणाला आणि बी माझ्या धुतलेल्या फरशीवर थुंकला.

इंजिन चालू ठेवून, गाडी सपाटीवर, गिअरबॉक्स गरम असताना पट्टीनं ऑइल कसं मोजायचं, ते शंबेनं माझ्याकडून तीनदा करून घेतलं. चौथ्यांदा स्वतः केलं.

आठ महिने गाडी घड्याळासारखी चालली. मग सुरमईचा हंगाम उघडायला दहा दिवस राहिले असताना पाळी हमदानची आली. त्यानं मजलिसीच्या बैठकीत, सगळ्यांसमोर, पाच लिटरचा डबा शंबेच्या मांडीवर ठेवला. सील तुटलेलं. आत काळपट जाड काहीतरी.

“गिअरबॉक्सलाही हेच घाल, चाचा. माझ्या ट्रकला चालतं, तुझी राणी काय वेगळी?”

लोक हसले. शंबेनं डबा घेतला. मोठ्या होडीचा डबा सगळ्यांदेखत परत करायचा, हे त्याला जमलं नाही. दुसऱ्या दिवशी गिअरबॉक्सच्या पट्टीवर ऑइल कमी दिसलं, आणि त्यानं त्यातलंच दीड लिटर ओतलं.

सहाव्या दिवशी गाडी माझ्याकडे दोरानं बांधून आली. दोर अडकवला की इंजिन ओरडायचं आणि चाकं जागची हलायची नाहीत. मी गिअरबॉक्सचं खालचं पात्र उघडलं. आत डांबरासारखा चिखल, त्यात चकत्यांची काळी भुकटी. जळलेल्या मटणाचा असतो तसा वास. मी पंचवीस हजारदा तरी ऑइल काढलं असेल, पण त्या दिवशी दुपारचं जेवण गेलं नाही.

“कुणी ओतलं हे?” मी विचारलं.

“मी,” शंबे म्हणाला.

“कुणी दिलं?”

“दिलं कुणीही असेल. झाकण मी उघडलं, वास मला आला, आणि ओतलं मी.”

तीन दिवस आम्ही दोघं खपलो. तो चौसष्टचा, मी एकसष्टचा. चकत्या बदलल्या, नळ्या धुतल्या, दोनदा ऑइल भरून दोनदा काढून टाकलं. एकदाही त्यानं ‘एवढ्यावर भागेल का’ विचारलं नाही. गाडी हंगामाच्या आदल्या दिवशी दुपारी उभी राहिली.

त्या संध्याकाळी मजलिसीत कॉफी फिरत असताना शंबे उठला. त्याला उभं राहून बोलताना कुणी पाहिलं नव्हतं.

“चूक माझी झाली, भरपाई मी केली. पण आता कुणाचाही डबा घेणार नाही. ऑइल मी स्वतः निवडून आणीन. त्याबदल्यात होडीमागे आठवड्याला एक मासा जास्त द्या.”

“आजोबांपासून पाळी आहे,” हमदान म्हणाला. “म्हणजे आमचा डबा हराम झाला? रीत मान्य नसेल तर चावी ठेव. ओढणारे दुसरे मिळतील.”

शंबेनं खिशातून चावी काढली आणि कॉफीच्या तबकाशेजारी ठेवली. मग खाली बसला. अठ्ठावीस वर्षांचं काम त्या तबकाशेजारी पडलं होतं आणि त्याचा चेहरा मातीसारखा झाला होता.

कॉफीची दुसरी फेरी आली. चावीकडे सगळे बघत होते, हात कुणी लावेना. जो उचलेल त्याला पहाटे बत्तीस होड्या पाण्यात लोटायच्या होत्या. हमदाननं आपल्या पुतण्याकडे पाहिलं. पुतण्या एकाएकी मोबाईलमध्ये गुंगला.

शेवटी लालबक्ष उठला. त्याची होडी सगळ्यांत लहान. त्यानं चावी उचलली आणि शंबेच्या मुठीत कोंबली.

“चाचा, मासा जास्तीचा घे. सकाळी माझी होडी आधी लाव. आणि कॉफी प्या रे सगळे, थंड होतेय.”

एकेकानं मान हलवली. हमदाननं हलवली नाही, पण नकोही म्हणाला नाही.

पहाटे शंबेनं बत्तीसही होड्या लोटल्या. हमदानची तिच्या क्रमानं, बारावी. लोटताना त्यानं तिच्या बाबतीत तसूभरही हयगय केली नाही. माझ्यानं ते झालं नसतं.

हमदान आता येईल त्याला सांगतो, की ऑइल एकाच माणसानं निवडून आणायचं ही युक्ती त्याचीच.